‘डाउन’चे भाषांतर

लायमन ट्रॅस्क खेळांचा शिक्षक म्हणून आमच्या कॉलेजात आला, त्या दिवशी त्याने प्राचार्यांना पहिला प्रश्न विचारला तो राखेविषयी.

“तुमच्या बॉयलरची राख कुठं टाकता?”

प्राचार्य डॉक्टर पेटिंगिल मूळचे धर्मोपदेशक. राखेचा विषय त्यांच्यापुढे निघायचा तो बहुधा कुणाला मूठमाती देताना, ‘मातीला माती, राखेला राख’ म्हणताना. ते गोंधळून माझ्याकडे बघू लागले. माझी लॅटिनची खोली बॉयलरच्या बरोबर वर होती आणि राखेची हातगाडी रोज माझ्या खिडकीखालून जायची, म्हणून मी म्हणालो, “मागच्या ओढ्यात. म्हणजे, मला वाटतं, ओढ्यातच.”

“उद्यापासून ओढ्यात नाही,” ट्रॅस्क म्हणाला. “ती माझी.”

एवढे बोलून तो मैदान बघायला निघूनही गेला. त्या हिवाळ्यात बेल्डन कॉलेजच्या साऱ्या मुलांनी पाळीपाळीने राख वाहिली, चाळली, दाबली, आणि वसंतात आमच्या मक्याच्या शेताला लागून एक काळी, लंबगोल, धावण्याची वाट तयार झाली. आयोवाच्या त्या भागात तशी दुसरी नव्हती. निदान मला तरी माहीत नाही.

ट्रॅस्क तेव्हा तिशीचा असेल. लांब तंगड्या, पुढचा एक दात गायब, आवाज आगगाडीच्या शिट्टीसारखा. पूर्वेकडच्या एका मोठ्या कॉलेजात तो धावला होता, फुटबॉल खेळला होता. शंका नावाची गोष्ट त्याने ऐकलेली होती, पण तिची त्याची गाठ पडलेली नव्हती. माझे नेमके उलटे. आज थंडी आहे हे सांगतानादेखील मी ‘कदाचित’ लावतो. अशा दोन माणसांना एका बाकावर बसवायची कल्पना प्राध्यापकांच्या सभेची. खेळांवर देखरेख ठेवायला एक प्राध्यापक हवा होता, आणि सभेत जो बोलत नाही त्याच्या गळ्यात काम पडते.

पुढे ट्रॅस्कला मोठ्या कॉलेजांनी नेले. त्याची मुले कुठे कुठे धावली आणि कोणाकोणाला हरवून आली ते वर्तमानपत्रांनी छापलेले आहे. मी सांगतो आहे ती गोष्ट कोणी छापली नाही, कारण ती एका शब्दाची आहे, आणि शब्द कोण छापतो?

पहिल्याच वसंतात त्याने गावाला हसवले. धावायच्या रेघेवर आमची मुले तोवर उभी राहत, एक पाय पुढे, छाती फुगवून, फोटो काढायला राहावे तशी. ट्रॅस्कने त्यांना खाली बसवले. दोन्ही हात जमिनीला, पाठ वर. मैदानाभोवतीच्या दोरीपलीकडून कोणीतरी ओरडले, “काय ट्रॅस्कसाहेब, पोरं चरायला सोडलीत का?”

“हो,” ट्रॅस्क म्हणाला. “चरून झालं की बघा.”

पिस्तूल उडाले आणि न्हाव्याचा मुलगा रूफस क्वेल त्या काळ्या वाटेवरून असा सुटला की हसणाऱ्याचे तोंड उघडेच राहिले. तरीही पुष्कळांना ते आवडले नाही. आमच्याकडची माणसे ताठ मानेची. जमिनीला हात लावायचा तो पेरताना, नाहीतर मेल्यावर, असे त्यांना वाटे.

हीच अडचण शरद ऋतूत फुटबॉलला आली, आणि मोठी होऊन आली.

आमचा अमेरिकन फुटबॉल चेंडू हातात घेऊन पळायचा, आणि त्या काळी तो म्हणजे बैलांची झुंज होती. चेंडू घेतलेल्या गड्याला धरले की त्याने ‘डाउन’ असे ओरडायचे. मग पंच शिट्टी वाजवत, सगळे अंगावरून उठत, चेंडू त्याच्याच बाजूकडे राही आणि तिथूनच पुढचा डाव सुरू होई. तो ओरडेपर्यंत मात्र त्याला ओढायला, लोळवायला, त्याच्यावर डझनभर माणसे रचायला मुभा होती. आता एवढा सोपा शब्द म्हणायला काय हरकत? पण आमच्या मुलांना तो शिवीपेक्षा वाईट वाटे. ‘डाउन’ म्हणणे म्हणजे शरण जाणे. ट्रॅस्क यायच्या आदल्या वर्षी एल्बर्ट फिंच ढिगाखाली सापडला आणि दात आवळून गप्प राहिला. त्याचा उजवा हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही. तो आपली पुस्तके डाव्या हाताने भरून घरी गेला.

म्हणून प्राचार्यांनी ट्रॅस्कला बोलावून, माझ्यासमोर, अट घातली. “थँक्सगिव्हिंगच्या दिवशी मार्लो कॉलेजशी सामना आहे. सामना संपल्यावर आपला प्रत्येक मुलगा स्वतःच्या पायांनी चालत कॉलेजात आला पाहिजे. एकाला जरी उचलून आणावं लागलं, मिस्टर ट्रॅस्क, तर फुटबॉल बंद, तुमची नेमणूक बंद, आणि तुमच्या त्या राखेवर आम्ही बटाटे लावू.”

“चालत येतील,” ट्रॅस्क म्हणाला. “आणि जिंकून येतील.”

“जिंकण्याची अट नाही.”

“ती माझी आहे.”

दुसऱ्या दिवसापासून मैदानावर एकच तालीम सुरू झाली. एकाने चेंडू घेऊन पळायचे, तिघांनी धरायचे, आणि त्याने बोंब मारायची: डाउन! ट्रॅस्क कानामागे हात धरून उभा राही. “ऐकू नाही आलं! पलीकडच्या म्हशीनं मान वर केली नाही अजून!” म्हणजे तो गाय म्हणाला होता, पण त्याच्या आवाजात ती म्हशीएवढी वाटे. मुले आधी लाजली, मग खिदळली, मग चढाओढीने ओरडू लागली. पंधरवड्यात शब्दातली लाज निघून गेली. राहिला एकच, अँडर्स हॉव्हलंड.

अँडर्स नॉर्वेजियन शेतकऱ्याचा मुलगा, कोठाराच्या दारासारखा रुंद. चेंडू त्याच्या हातात दिला की चारपाच जणांना अंगावर घेऊन तो चालायचा, आणि मग अडकून उभा राहायचा, गप्प. माझ्या वर्गात हाच मुलगा सीझरच्या लांबलचक वाक्यांतून इतक्या हलक्या पावलांनी चालायचा की मला पुस्तक मिटून नुसते ऐकत बसावेसे वाटे.

“अँड्या, लेका, तोंडात बटाटा आहे का तुझ्या?” पर्सी बेलनॅप विचारायचा. पर्सी संघात सगळ्यात बुटका. खुणेचे आकडे ओरडून चेंडू कोणाला द्यायचा ते तो ठरवी. त्याची जीभ त्याच्या उंचीची भरपाई करी.

“पडलोच नाही तर कशाला म्हणू?”

“पाच जण होते तुझ्या अंगावर!”

“उभा होतो मी.”

“देवळाचा मनोराही उभाच असतो, अँड्या. तो सामने जिंकत नाही.”

ट्रॅस्क रागावला नाही. तो मला म्हणाला, “हे याचं नाही, प्रोफेसर. हे घरून आलंय. चला, रविवारी कॉफी प्यायला जाऊ.”

“बोलावलंय का आपल्याला?”

“पोचलो की बोलावतील.”

अँडर्सचे वडील तोर्गेर हॉव्हलंड मुलापेक्षाही मोठे निघाले. त्यांच्या बायकोने लेफ्से, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, लोणी-साखर लावून पुढे ठेवल्या, कॉफी ओतली, आणि बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मला तसे बसायला आवडते. ट्रॅस्कला नाही.

“तुमचा मुलगा ‘डाउन’ म्हणत नाही.”

“नाही म्हणणार.”

“का?”

“मी दोरीपाशी असतो म्हणून.” तोर्गेरनी लेफ्सेची गुंडाळी एका घासात संपवली. “आम्ही इथं आलो तेव्हा पहिली दोन वर्षं टोळांनी खाल्ली. शेजारी गाशा गुंडाळून परत गेले. मी उभा राहिलो. आमच्या घरात आडवं झोपायलाच तेवढं पडतात.”

“घोडे आहेत तुमच्याकडे,” ट्रॅस्क म्हणाला. मला वाटले, त्याने विषय सोडला.

“चार. परगण्यात तसे नाहीत.”

“बर्फावर गाडी ओढताना एखादा घसरून पडला, साजासकट, तर काय करता?”

“काय करणार? पडून राहायला सांगतो. साज सोडेपर्यंत हलू देत नाही. धडपडला की पाय मोडला.”

“ऐकतो?”

“माझे घोडे ऐकतात. ‘लिग’ म्हटलं की निपचित. पड म्हणून. साज सोडला की उठतो, पुन्हा जुंपतो.”

“म्हणजे तो हरला नाही.”

“कोण?”

“घोडा.”

तोर्गेरनी त्याच्याकडे बघितले, मग माझ्याकडे, जणू ही लबाडी मी पुस्तकातून काढून दिली होती. “माझा मुलगा घोडा नाही,” ते म्हणाले आणि उठले. कॉफी संपली होती.

परत येताना मी म्हणालो, की कदाचित आपण त्यांना दुखावले.

“पेरून आलो,” ट्रॅस्क म्हणाला. “आता दुसरीकडून नांगरू. तुमच्या वर्गात उद्या मी बसलो तर चालेल?”

तो आला, आणि मागच्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसला. माझ्या वर्गात एक रीत होती. मुलगा उभा राहून भाषांतर करू लागला की मी मध्ये बोलत नसे. त्याचे पुरेसे झाले, चांगले झाले, की मी म्हणत असे, “सॅटिस.” लॅटिनमध्ये ‘पुरे’. ‘शाबास’ म्हणायला मला संकोच वाटे, म्हणून हा शब्द. मुले त्याची नक्कल करीत. जेवणघरात ताट भरले की सॅटिस, मास्तर फार बोलले की सॅटिस. त्या दिवशी अँडर्सने अर्धे पान न अडखळता केले, मी सॅटिस म्हणालो, आणि त्याचे कान आनंदाने लाल झाले.

मागचा बाक करकरला. “हाच!” ट्रॅस्क मोठ्याने म्हणाला. “प्रोफेसर, हा शब्द मला द्या.”

संध्याकाळी मैदानावर त्याने अँडर्सला विचारले, “डाउन म्हणायला नको ना? नको म्हणू. सॅटिस म्हण. चार जणांना ओढलंस, पाच यार्ड गेलास, काम चांगलं झालं, पुरे. म्हणशील?”

अँडर्सने विचार केला. तो प्रामाणिक मुलगा होता, शब्दाच्या आत काय आहे ते बघितल्याशिवाय उचलत नसे. “ते म्हणेन,” तो म्हणाला.

आणि म्हणाला. चौघांच्या ओझ्याखालून त्याचा जाड आवाज आला, “सॅटिस!” सगळे मैदान टाळ्या वाजवू लागले. झाले, दोनच दिवसांत सगळा संघ सॅटिस ओरडू लागला. पर्सी म्हणाला, सीझरचे सैन्यही असेच खेळत असणार. मीसुद्धा, खरे सांगायचे तर, फार खूश होतो. इतक्या वर्षांत माझ्या लॅटिनचा कोणाला उपयोग झाल्याचे मी प्रथमच बघत होतो.

पंचांना लॅटिन येत नसेल, ही गोष्ट कॉलेजातल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आली नाही.

थँक्सगिव्हिंगच्या दुपारी जत्रेच्या मैदानावर जमीन गोठून दगड झाली होती. गाव टर्की ओव्हनमध्ये ठेवून आले होते. तोर्गेर हॉव्हलंड घोडागाडी घेऊन आले आणि नेहमीच्या जागी, दोरीला पोट लावून उभे राहिले. पंच होते क्रँडल नावाचे दंतवैद्य, शेजारच्या गावचे, मिशा मेण लावून टोकदार केलेले. सामन्याआधी ट्रॅस्क मला घेऊन त्यांच्याकडे गेला.

“आमची मुलं धरली गेली की सॅटिस म्हणतात. त्याचा अर्थ डाउन.”

“नियमात काय लिहिलंय?” क्रँडलनी विचारले.

“नियमात डाउन आहे. अर्थ तोच.”

“माझ्या खुर्चीत बसलेला माणूस दुखलं की वाटेल ते ओरडतो, साहेब. मी प्रत्येकाचा अर्थ लावत बसलो तर एक दात निघायचा नाही. मी ‘डाउन’ ऐकलं की शिट्टी. दुसरं काही नाही.”

ट्रॅस्कने त्यांना थँक्सगिव्हिंगच्या शुभेच्छा दिल्या आणि मुलांच्या शेडमध्ये आला.

“ऐका रे. पंचांना लॅटिन येत नाही.”

पर्सी म्हणाला, “दात काढणाऱ्याला कुठली भाषा येणार?”

“म्हणून आज भाषांतर करायचं. प्रोफेसर, वर्गात पोरं काय करतात?”

“भाषांतर,” मी म्हणालो.

“लॅटिनमधून?”

“इंग्रजीत. शक्यतो.”

“झालं तर. सॅटिसचं इंग्रजी काय?”

“डाउन!” सगळे ओरडले. अँडर्स बुटाची नाडी बांधत होता.

सामना सुरू झाला की बाहेरून खेळाडूंना काही सांगायला त्या काळी बंदी होती. शिक्षकाने बाकावर गप्प बसायचे; बोलला तर संघाला दंड. ट्रॅस्क गप्प राहतो की नाही, हे बघायला मी त्याच्या शेजारी. बसताना त्याने आपली हॅट माझ्या हातात दिली. “धरा. हात रिकामे असले की माणूस घाबरतो.”

“तुम्ही नाही घाबरलात?”

“कशाला? सगळं शिकवून झालंय.”

सामना रडतखडत चालला. आमची मुले धरली गेली की झकास ओरडत होती, शिट्टी वाजत होती, सगळे उठत होते. मार्लोकडचे लोक दोरीपलीकडून चिडवू लागले, “डाउन, डाउन, बेल्डन डाउन!” पर्सीने त्यांना वाकून नमस्कार केला. त्यांची मुले मात्र शब्द गिळत होती, आणि एकेक जण लंगडू लागला होता. अँडर्स चेंडू घेऊन चालायचा, अडकायचा आणि उभाच राहायचा. पुढेही जात नाही आणि खालीही येत नाही असे बघून क्रँडल शेवटी कंटाळून शिट्टी फुंकायचे. दोरीपाशी तोर्गेर हाताची घडी घालून मान हलवायचे, बरोबर आहे अशी.

अंधारून येऊ लागले तरी कोणाचा एकही गुण झाला नव्हता. आम्ही मार्लोच्या रेषेजवळ आलो होतो; चेंडू तिच्यापलीकडे नेला की गुण. पर्सीने आकडे ओरडले, चेंडू अँडर्सला दिला, आणि अँडर्स त्यांच्या मधल्या माणसांवर गाडीसारखा जाऊन आदळला. दोन, तीन, चार जण लटकले. तो चालत होता. मग गोठलेल्या चाकोरीत त्याचा पाय गेला.

मी त्याला प्रथमच खाली जाताना बघितले. गुडघा वळला, तो एका हातावर पडला, आणि मार्लोचे उरलेले सगळे त्याच्यावर धावले.

“सॅटिस!”

शब्द स्पष्ट ऐकू आला. क्रँडल वाकले, शिट्टी ओठांपाशी नेली, आणि थांबले. ढीग वाढत होता. “सॅटिस!” पुन्हा, आता दबलेला. आतून त्याचा एक पाय बाहेर आला होता आणि तो पाय उठायची धडपड करत होता. तो अजूनही उठू बघत होता!

ट्रॅस्क उभा राहिला.

“बसा,” मी म्हणालो. “दंड होईल. प्राचार्य...”

“होऊ दे दंड. बटाटे लावू देत,” ट्रॅस्क म्हणाला आणि त्याने छाती भरून श्वास घेतला.

पण त्याच्याआधी दोरीकडून दुसराच आवाज आला. मी तो आवाज स्वयंपाकघरात हळू बोलताना ऐकला होता. मोठा झाल्यावर तो कसा वाटतो ते मला माहीत नव्हते.

“लिग!”

तोर्गेर हॉव्हलंड दोरी ओलांडून आत आले नव्हते. ती फक्त त्यांच्या दोन्ही मुठींत होती आणि खांब हलत होते. “लिग, अँडर्स! लिग!”

धडपडणारा पाय थांबला. निपचित. आणि ढिगाच्या तळातून, जमिनीलाच तोंड लावून म्हटल्यासारखा, पण खणखणीत, शब्द आला.

“डाउन!”

शिट्टी वाजली. एकेक जण उठला. सगळ्यांत शेवटी अँडर्स दिसला, चेंडू पोटाशी धरलेला, नाकातून रक्त, आणि चेहऱ्यावर काहीसे आश्चर्य. ट्रॅस्कने भरलेला श्वास सोडून दिला. तो इतका लांब होता की माझ्या हातातली हॅट हलली.

मार्लोचा कप्तान पंचांकडे धावला. “बाहेरून कोणीतरी सांगितलं त्याला! आम्ही ऐकलं! दंड द्या!”

“काय सांगितलं?” क्रँडलनी विचारले.

“ते... ते कळलं नाही. कुठल्या तरी भाषेत होतं.”

“मलाही कळलं नाही. मला लॅटिन येत नाही, आणि हे जे काही होतं तेही येत नाही. मला ‘डाउन’ ऐकू आलं. खेळा.”

अँडर्स उठून आपल्या जागी उभा राहिला. गुडघा धरत नव्हता हे मला इतक्या लांबून दिसत होते, म्हणजे मार्लोला नक्कीच दिसत असणार. तरी त्यांना खात्री होती की चेंडू पुन्हा त्यालाच मिळणार. अकराच्या अकरा जण मध्ये दाटले. पर्सीने आकडे ओरडले. अँडर्स रिकाम्या हातांनी, एका पायावर, पुन्हा त्यांच्या अंगावर गेला आणि ते सगळे त्याला बिलगले.

अगदी कडेला रूफस क्वेल खाली वाकला होता, हाताची बोटे जमिनीला, पाठ वर. चेंडू पर्सीकडून त्याच्याकडे आला तेव्हा तो राखेच्या वाटेवरून सुटावा तसा सुटला. त्याच्या वाटेत कोणीच नव्हते. रेषेपलीकडे जाऊनही तो बराच वेळ धावत राहिला.

“चरून झालं,” ट्रॅस्क म्हणाला, आणि आपली हॅट मागितली. मी तिची कड पुरती मोडून टाकली होती.

सामना आम्ही जिंकला. पण खरी अट जत्रेच्या मैदानापासून कॉलेजपर्यंतच्या रस्त्यावर होती, आणि अँडर्सचा गुडघा ब्रेडसारखा फुगला होता. तोर्गेरनी गाडी दाराशी आणली, मुलाकडे बघितले, मग ट्रॅस्ककडे.

“बसू दे त्याला गाडीत,” ट्रॅस्क म्हणाला. “मी पेटिंगिलसाहेबांशी बघतो. पाय आधी.”

“मी चालेन,” अँडर्स म्हणाला.

“दुखतोय का पाय?”

“दुखतोय. मोडलेला नाही. मी बघितलं हलवून.”

ट्रॅस्कने खाली बसून स्वतः तो गुडघा वळवून, दाबून बघितला, बराच वेळ. मग त्याने मान डोलावली. “नाही मोडला. हळू चालायचं. आणि नको वाटलं की काय म्हणायचं?”

अँडर्स हसला. “कुठल्या भाषेत?”

तोर्गेर गाडीत चढले नाहीत. रिकाम्या गाडीचे घोडे लगामाने धरून ते मुलाच्या बाजूने चालू लागले, त्याच्या चालीने. वाटेत त्यांनी एकदाच तोंड उघडले, ट्रॅस्ककडे न बघता. “साज सोडला की उठतो. मी सांगितलं होतं तुम्हाला.”

“सांगितलं होतं,” ट्रॅस्क म्हणाला.

कॉलेजच्या पायऱ्यांवर डॉक्टर पेटिंगिल उभे होते. टर्की अर्धवट सोडून आले असावेत, कारण रुमाल अजून गळ्याशी खोचलेला होता. कंदिलाच्या उजेडात मुले एकेक करून त्यांच्यासमोरून गेली. ते प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे नव्हे, पायांकडे बघत होते.

“सगळे स्वतःच्या पायांनी?”

“सगळे, सर,” पर्सी म्हणाला. “एक जण जरा विचार करत चालतोय, एवढंच.”

मागून अँडर्स आला, वडिलांच्या शेजारून. पहिल्या पायरीपाशी तोर्गेरनी हात पुढे केला. त्याने तो घेतला नाही, वडिलांनीही लगेच मागे घेतला, आणि तो कठडा धरून तिन्ही पायऱ्या चढला. प्राचार्य त्याच्या गुडघ्याकडे बघत राहिले. मला वाटले, आता हे म्हणणार की याला चालणे म्हणत नाहीत.

ते माझ्याकडे वळले. “प्रोफेसर, देखरेख तुमची होती. समितीचं काय मत?”

समिती म्हणजे मीच. सवयीने ‘कदाचित’ जिभेवर आले होते. ट्रॅस्क हॅटची मोडलेली कड सरळ करत होता. माझ्याकडे बघतही नव्हता, इतकी त्याला खात्री होती.

“सॅटिस,” मी म्हणालो. पुढे मागे काही लावले नाही.

डॉक्टर पेटिंगिल यांना लॅटिन येत होते. त्यांनी गळ्याचा रुमाल काढला, घडी केली, खिशात ठेवला. “टर्की थंड होतेय,” ते म्हणाले. “मिस्टर ट्रॅस्क, तुम्ही जेवलात का?”

“जेवतो. पण त्याआधी एक. या हिवाळ्याची राखही माझी ना?”

“घ्या,” प्राचार्य म्हणाले आणि आत गेले.

“प्रोफेसर,” ट्रॅस्क मला म्हणाला, “सोमवारी जुने कपडे घालून या.”